प्लेऑफच्या आधी तरुण खेळाडूंना जास्त मिनिटे द्यावीत का?

सातारकर:
एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या ८२ सामन्यांच्या हंगामातले शेवटचे दहा-पंधरा सामने आले की मला दरवर्षी हाच प्रश्न पडतो. ज्या संघाचे प्लेऑफमधले, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीतले, स्थान जवळजवळ नक्की झाले आहे, त्याने या काळात एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना जास्त खेळवावे, की मुख्य पाच जणांची लय मोडू नये म्हणून त्यांनाच मैदानावर ठेवावे? सामना ४८ मिनिटांचा, जागा पाच. म्हणजे वाटायला २४० मिनिटेच असतात आणि एकाला दिलेली मिनिटे दुसऱ्याकडून काढूनच द्यावी लागतात. त्यापायी काही सामने हरून प्लेऑफमधला घरच्या मैदानाचा फायदा गेला तरी चालेल का, हे जाणकारांनी सांगावे.

बे एरियाकर:
द्यावीत, मात्र मुख्य खेळाडूंच्या सोबतीने. सामना वीस गुणांनी हातातून गेल्यावर पाच नवखी मुले एकदम उतरवली, तर त्यातून प्लेऑफची तयारी होत नाही. मार्च २०२२ मध्ये वॉरियर्स संघाचा मुख्य खेळाडू स्टेफन करी याचा पाय दुखावला आणि संघाच्या शेवटच्या बारा सामन्यांना तो मुकला. त्या काळात तरुण जॉर्डन पूलच्या हाती चेंडू आला, आणि तोही क्ले थॉम्पसनसारख्या अनुभवी खेळाडूंच्या बरोबर. डेन्व्हरविरुद्ध आपल्या पहिल्याच प्लेऑफ सामन्यात त्याने ३० गुण केले, तेव्हा करी बाकावरून उठून खेळायला येत होता. हाच पूल वर्षभरापूर्वी जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, पाठवला गेला होता. दुखापतीमुळे जे घडले, ते प्रशिक्षकाने ठरवून करायला काय हरकत आहे?

नाशिककर:
मला हे पूर्णपणे पटत नाही. त्याच संघाच्या जोनाथन कुमिंगाला २०२२-२३ च्या नियमित हंगामात सरासरी वीसेक मिनिटे मिळत होती. अनुभवी अँड्र्यू विगिन्स परतल्यावर प्लेऑफमध्ये मात्र तो बहुतेक काळ बाकावरच बसला. ओक्लाहोमाचा जॉश गिडी तर तीन हंगाम सुरुवातीच्या पाचांत होता, तरीही २०२४ च्या प्लेऑफमध्ये डॅलसने, त्याचा दुरून नेम लागत नाही म्हणून, त्याला बाहेरून मोकळे सोडले, आणि मालिका संपेपर्यंत त्याची ती जागा गेली. नेम नसेल तर मिनिटांनी तो येत नाही. शिवाय टू-वे करारावरचा (एनबीए आणि जी लीग दोन्हींत खेळणारा) मुलगा करार बदलल्याशिवाय प्लेऑफ खेळूच शकत नाही, हेही मिनिटे वाटताना ध्यानात ठेवावे.

कोल्हापूरकर:
मी शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवतो, म्हणून माझा अनुभव लहान मैदानावरचा आहे. गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात, तिसऱ्या क्वार्टरमध्ये, मी एका पंधरा वर्षांच्या मुलाला उतरवले. स्क्रीन लागली, म्हणजे समोरच्या एकाने आडवे उभे राहून त्याची वाट अडवली, आणि मागून आमच्या सेंटरने (बास्केटजवळच्या खेळाडूने) ‘स्विच’, म्हणजे अडवायचे खेळाडू आपसांत बदला, अशी हाक दिली. मुलाने ती ऐकली, पण हाक नेमकी कोणाची हे पाहायला मान वळवली आणि तेवढ्यात समोरचा गार्ड त्याच्या खांद्याजवळून लेअपला (बास्केटखालून चेंडू टाकायला) निघून गेला. साखळी सामन्यांत मी त्याला कायम राखीव मुलांबरोबर खेळवले होते, त्यामुळे मुख्य सेंटरचा आवाज त्याच्या कानाला ओळखीचाच नव्हता. ती चूक सर्वस्वी माझी होती, आणि त्या मुलाचा पडलेला चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

नाशिककरांचा नेमाचा मुद्दा मला मान्य आहे. बचावातली ही जुळणी मात्र सामन्यातच होते, आणि तिला दहा सामने पुरत नाहीत. सातारकर, घरच्या मैदानाविषयी आपण विचारलेत, तर २०१३-१४ चा सॅन अँटोनियो संघ पाहावा. त्या हंगामात त्यांच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत गेली नव्हती, तरी त्यांनी सर्वाधिक ६२ सामने जिंकले, आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो २२ वर्षांचा कवाय लेनर्ड. त्यांचे प्रशिक्षक पॉपोविच यांनी मिनिटांची ती वाटणी हंगामभर चालवली होती. यंदा मीही पहिल्या साखळी सामन्यापासून दुसऱ्या क्वार्टरमध्ये एका नव्या मुलाला मुख्य चौघांबरोबर पाच मिनिटे उतरवतो आहे, आणि त्यात सेंटर बदलत नाही.