नुसत्या फोटोनं भागत नाही

ऑफिसात कर्मचाऱ्यांचं कौतुक म्हणून दर महिन्याला ‘उत्कृष्ट कर्मचारी’ निवडून त्याचा फोटो लावावा, असं बरेच जण सुचवतात. सूचना चांगली आहे, पण फोटो एकाचाच लागतो. बाकीच्यांचं काय?

मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची सुरक्षा यादी आणली. चिरा देण्याआधी टीममधल्या प्रत्येकानं स्वतःचं नाव आणि काम सांगायचं, हा त्यातला एक मुद्दा. आमच्याकडे कितीतरी दिवस त्यावर नुसतीच टिक व्हायची. मग एक नवे सर्जन आले आणि त्यांनी खरंच सगळ्यांना नावं विचारली, अगदी वॉर्डबॉयलाही. इतकी वर्षं आम्ही त्यांना फक्त ‘मामा’ म्हणायचो (प्रेमानंच, पण आडनाव मला त्या दिवशी कळलं!).

काही आठवड्यांनी टाके घालायच्या आधी गॉजची (रक्त टिपायच्या जाळीदार कापडी तुकड्यांची; एकही आत राहू नये म्हणून ते मोजतात) मोजणी जुळेना. “सर, टेबलाखाली एक पडलाय,” मामा सरळ सर्जनना म्हणाले. पूर्वी ते हळूच माझ्या कानात सांगायचे. सर थांबले, नाव घेऊन “बरं झालं सांगितलंत” म्हणाले, आणि मोजणी पुन्हा झाली.

तुमच्या ऑफिसातही मीटिंगची सुरुवात अशी करून बघा. चहा आणणाऱ्या मावशींनाही विचारा, त्यांना काय अडतंय ते.