जपानमध्ये हॉटेल बुक करताना रूम आणि बेडचं गणित कसं करायचं?

चिऊचं_घर:
मंडळी, मार्चअखेरीस टोकियो, क्योटो आणि मध्ये एक रात्र हाकोने असं ठरतंय. मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात). विमानाचं झालं पण हॉटेल बघायला बसलं की डोकं गरगरतं, सेमी-डबल, डबल, ट्विन, हॉलीवूड ट्विन, नुसती नावंच नावं. सेमी-डबल सगळ्यात स्वस्त आहे आणि दोन माणसं चालतील असं लिहिलंय, मग अशा दोन घेतल्या तर भागेल का? की एकच रूम घेऊन जास्तीची गादी टाकून मागायची, आपल्याकडे देतात तशी? आणि हाकोनेला र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीच्या हॉटेलमध्ये, राहायची खूप इच्छा आहे पण तिथे जमिनीवर झोपायचं असतं ना?

ओसाकाकर:
ताई, सेमी-डबल अजिबात घेऊ नका. तो बेड साधारण १२० सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे जेमतेम चार फूट, आपल्या घरातला किंग बेड सहा फुटी असतो त्यावरून अंदाज घ्या. खरं तर तो एका माणसाने ऐसपैस झोपायचा बेड, दोघांना विकतात एवढंच. इकडचा डबलसुद्धा बरेचदा १४० चाच असतो. ट्विन म्हणजे दोन वेगळे बेड, हॉलीवूड ट्विन म्हणजे तेच दोन बेड एकमेकांना चिकटवलेले, आणि लहान मूल सोबत असेल तर हा प्रकार सगळ्यात सोयीचा कारण मूल मध्ये झोपतं. रूमच्या नावावर जाऊ नका, खाली बेडची रुंदी आणि रूमचे चौरस मीटर दिलेले असतात ते वाचा. बिझनेस हॉटेलची रूम १२-१५ चौरस मीटरची असली की दोन मोठ्या बॅगा एकदम उघडता येत नाहीत, मग जास्तीची गादी टाकणार कुठे? मागून मिळेल असं धरून तर मुळीच जाऊ नका, बुकिंगमध्ये जितकी माणसं तितकीच राहू देतात.

मुशाफिर_७:
वरच्याला +१. मुलाचं वय सर्चमध्ये नक्की टाका. बेड न घेता आईबाबांसोबत झोपणाऱ्या मुलाला तिकडे 'सोइने' म्हणतात आणि त्याचे पैसे बहुतेक घेत नाहीत, पण वयाची मर्यादा हॉटेलगणिक वेगळी, कुठे शाळेत जायच्या आधीपर्यंतच तर कुठे १२ वर्षांपर्यंत, त्यामुळे सात वर्षांच्या मुलाचं विचारूनच घ्या. जपानी साइटवर बघत असाल तर दर रूमचा आहे की माणशी आहे तेही बघा, माणशी दर रूमचा समजून हिशोब केला की सगळं बजेट कोलमडतं. चौघांनी एकत्रच राहायचं असेल तर मिमारूसारखी अपार्टमेंट हॉटेलं बघा, टोकियो आणि क्योटो दोन्हीकडे आहेत, छोटं किचन असतं, सासूबाईंना सकाळी आपला चहा करून घेता येईल.

डोंगरवाट:
र्योकान सोडू नका! तातामी म्हणजे गवती चटयांची खोली असते, संध्याकाळी जेवण झालं की त्यावर फुतोन, म्हणजे जपानी गादी, घालून देतात. पण गुडघ्यांना त्रास झोपताना होत नाही, जमिनीवरून उठताना होतो, आणि रात्री बाथरूमला जायचं तर दोन-तीनदा उठणं आलंच. तुम्ही 'वायोशित्सु' शोधा, त्यात एका बाजूला दोन बेड आणि दुसऱ्या बाजूला तातामी असते. सासूबाई बेडवर, तुम्ही कोणीतरी खाली, आणि पोराला तर खालीच मजा वाटेल. महाग पडते पण माझ्या मते अख्ख्या ट्रिपमध्ये पैसे घालायचे तर इथेच. जेवायला खुर्ची-टेबल मिळेल का तेही आधी मेल करून विचारा.

चिऊचं_घर:
खूप खूप आभार सगळ्यांचे! वायोशित्सु माहीतच नव्हतं. म्हणजे टोकियोला अपार्टमेंट. क्योटोला तसं नाही मिळालं तर दोन ट्विन घेतल्या की शेजारीशेजारी देतील का? सासूबाईंना एकटं वेगळ्या मजल्यावर नको वाटतं.

ओसाकाकर:
विनंती लिहिता येते, पण खात्री देत नाहीत. आतून दार असलेली हवी तर 'कनेक्टिंग रूम' असा वेगळा प्रकार असतो, तोच बुक करा. नाहीतर रात्री मुलाला सासूबाईंच्या रूममध्ये झोपवा, पण मग बुकिंग करतानाच त्याचं नाव त्या रूमवर टाका. आणि मार्चअखेर म्हणजे ऐन साकुराचा (चेरीच्या फुलांचा) सीझन, क्योटोत मोठ्या रूम सगळ्यात आधी जातात, फ्री कॅन्सलेशनवाली आजच धरून ठेवा.