प्रति: वडिलोपार्जित वेब्लीला होल्स्टर कुठून?

वेब्ली अँड स्कॉटच्या ३२ बोर पिस्तुलाला रेडिमेड होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं चामडी कव्हर) ढिलं होतंय म्हणता, ते होणारच. १९०८ च्या या मॉडेलची मूठ नळीला जवळजवळ काटकोनात आहे आणि हॅमर (गोळीवर आघात करणारा मागचा घोडा) बाहेर. हल्लीच्या पिस्तुलांच्या मापात ते कसं बसणार?

वर कुणीतरी 'मापासाठी पिस्तूल चार दिवस चामड्याच्या कारागिराकडे ठेवा' असं सुचवलंय. कृपा करून हे करू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ नुसार हत्यार ताब्यात ठेवायला लायसन्स लागतं, आणि ते त्या बिचाऱ्याकडे नसणार. त्यापेक्षा मॅगझिन काढून, चेंबर (नळीच्या मागची गोळीची जागा) रिकामं असल्याची खात्री करून पुठ्ठ्यावर आकार उतरवा, जाडी मोजा आणि कारागिराला पिस्तुलाऐवजी द्यायला सुताराकडून लाकडी डमी करून घ्या. डमीवर पुढच्या माशीपासून (नेम धरायच्या उंचवट्यापासून) मागेपर्यंत एक बारीक पट्टी चिकटवायला सांगा. तेवढी जागा आत राहिली नाही तर पिस्तूल काढताना माशी शिलाईत अडकते.

चामडं वनस्पतीजन्य कमावलेलंच हवं, कोल्हापुरी चपलेला वापरतात तसं. ते भिजवून डमीवर दाबलं की वाळल्यावर आकार धरतं. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं मऊ चामडं धरत नाही. जाडी साधारण ३ मिमी. ट्रिगर गार्ड (चापाभोवतीचं कडं) पूर्ण झाकला गेलाच पाहिजे, यात तडजोड नको. टिचबटणाच्या मागे चामड्याचा तुकडा लावून घ्या, नाहीतर स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर) ओरखडे पडतात.

आणि पिस्तूल कपाटात ठेवताना होल्स्टरमधून काढून ठेवा. पावसाळ्यात चामडं ओल धरतं, आणि एवढ्या जुन्या ब्लुइंगवर (पोलादावरच्या निळसर-काळ्या संरक्षक थरावर) गंज चढायला वेळ लागत नाही.