स्पीकर मेले. दुरुस्त करू की नवे घेऊ? (लवकर सांगा)

बेसूर: ऑनलाइन घेतलेले स्पीकर मेले. वॉरंटी एका वर्षाची, गेले चौदाव्या महिन्यात! सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात अख्खा बोर्ड बदला, खर्च नव्या जोडीच्या निम्म्याहून जास्त. रिव्ह्यू तर सगळे पाच ताऱ्यांचे होते. काय करू? शनिवारी पाहुणे येतायत.

सोल्डरवाला: मेले म्हणजे? एक की दोन्ही? दिवा लागतो का?

कर्णपिशाच्च: म्हणून मी ऑनलाइन काही घेतच नाही. साधे पॅसिव्ह स्पीकर आणि वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. माझ्या जोडीला 22 वर्षं झाली, फोमची कड कुजली तेवढी एकदा बदलली.

निवांत: अहो, दुकानातल्या डब्यातही तोच बोर्ड असतो. सुटे भाग मिळतात का, ते बघून घ्यायचं.

कर्णपिशाच्च: दुकानदाराची कॉलर तरी धरता येते.

बेसूर: दोन्ही बंद. दिवा लुकलुकतो, दर दोन सेकंदांनी टक् टक्. ब्लूटूथही लागत नाही.

मध्यमसप्तक: फोनमधलं जुनं पेअरिंग पुसून टाका. माझं त्यानेच सुरू झालं.

सोल्डरवाला: पॉवर सप्लायच उभा राहत नाहीये, पेअरिंग कसलं पुसताय! तो सुरू व्हायला बघतो आणि परत बसतो, म्हणून टक् टक्. कपॅसिटर, म्हणजे बोर्डावरची वीज साठवणारी नळकांडी, गेला असेल, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायरची चिप शॉर्ट. रात्री मागचं बटण बंद करायचात का?

बेसूर: मागे बटण आहे? मी रिमोटनेच बंद करायचो. कपाटाच्या खणात होते.

सोल्डरवाला: हे आधी सांगायचं ना! स्टँडबायमध्ये सप्लाय चालूच असतो. स्वस्तातला कपॅसिटर 85 डिग्रीला 1000 तासांचा. तापमान 10 डिग्रीने उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट. बंद खणात आत 55 डिग्री धरा, झाले 8000 तास. म्हणजे 11 महिने! प्लग काढून उघडा, पण आत बोटं घालू नका. मोठ्या कपॅसिटरमध्ये नंतरही जबर झटका बसेल इतका चार्ज राहतो.

बेसूर: उघडलं. एकाचं डोकं टम्म फुगलंय, बुडाशी तपकिरी चिकट डाग. 1000 मायक्रोफॅरड, 16 व्होल्ट. 25 व्होल्टचा चालेल?

सोल्डरवाला: पळेल. 1000 तेवढे तेच ठेवा. 105 डिग्रीचा, लो ईएसआर (आतला विद्युतरोध कमी असलेला) मागा, उंची-जाडी मोजून न्या. सोल्डरिंग येत नसेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

निवांत: कर्णपिशाच्च, ती फोमची कड कुठे मिळाली? माझीही गेलीये.

कर्णपिशाच्च: ऑनलाइन.

बेसूर: अहो, धागा माझा आहे! लो ईएसआर नाही मिळाला तर साधा लावू का?