मोठ्या फायलींची सोय मागितल्यावरच का मिळावी?

रात्रपाळी
२००५ च्या सुमारास एका पतसंस्थेचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळत होतो. रोज रात्री अडीचला डेटाबेसचा बॅकअप निघायचा. एक दिवस डिस्क गेली. बॅकअप उघडला तर शेवटचं टेबल मधेच तुटलेलं. आकार पाहिला: २१४७४८३६४७ बाइट. आदल्या रात्रीच्या फाईलचाही तोच, त्याच्या आदल्या रात्रीचाही तोच. अशा अकरा रात्री. ‘फाईल साइझ लिमिट एक्सीडेड’ ही ओळ रूटच्या मेलमध्ये रोज येऊन पडत होती, ती मेल कुणी उघडत नव्हतं. अकरा दिवसांच्या नोंदी आम्ही पावत्यांवरून हाताने पुन्हा भरल्या.

तो आकडा म्हणजे २ चा ३१ वा घात, वजा १. फाईलमध्ये आपण कुठवर पोचलो हे सांगणारी संख्या (ऑफसेट) ३२ बिटांची, त्यातला एक बिट चिन्हासाठी. कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, दोन जीबीच्या वरची फाईल चालत होती, लिनक्स २.४ जानेवारी २००१ मध्येच आलं होतं. अडलं ते बॅकअपच्या प्रोग्रॅमपाशी. तो सोर्समधून बांधताना (कंपाईल करताना) ‘फाईल ऑफसेट बिट्स = ६४’ हा मॅक्रो, म्हणजे ही संख्या ६४ बिटांची घे असं सांगणारी सूचना, द्यायचा राहिला होता.

१९९६ च्या लार्ज फाईल समिटमध्ये, म्हणजे मोठ्या फायलींवरच्या बैठकीत, युनिक्स कंपन्यांनी ठरवलं की जुनं आहे तसं राहील, हवं त्याने ६४ बिट मागून घ्यावेत. ४.४ बीएसडी या युनिक्सने तर १९९३ मध्येच ते सगळ्यांना दिले होते. माझ्या मते समिटचा निर्णय चुकला. विसरणाऱ्याचा डेटा जाईल असं डिफॉल्ट (न मागता मिळतं ते) ठेवूच नये.

जुनी बायनरी
नुकसान वाचून वाईट वाटलं, पण निष्कर्षाशी असहमत.

डिफॉल्ट बदललं असतं तर काय झालं असतं ते बघा. फाईलची माहिती देणाऱ्या रचनेत आकाराचा रकाना ४ बाइटचा, तो ८ चा होतो. म्हणजे त्याच्या पुढचा प्रत्येक रकाना सरकतो. प्रोग्रॅम नवा आणि तो वापरतो ती तयार कोडची लायब्ररी जुनी असेल तर एक आकार लिहील आणि दुसरा तिथे तारीख वाचेल. एररसुद्धा येणार नाही. बीएसडीची अख्खी सिस्टीम एकाच सोर्समधून एकत्र बांधली जाते, त्यांना ते परवडलं. १९९७ मध्ये सन कंपनीच्या युनिक्सने, सोलारिस २.६ ने, मोठ्या फायली आणल्या, तेव्हा ग्राहकांकडे सीडीवरून घेतलेल्या बायनरी (बांधून तयार प्रोग्रॅम) होत्या, सोर्स नव्हता.

आणि समिटने एक फार चांगला नियम केला. जुन्या प्रोग्रॅमला मोठी फाईल उघडूच द्यायची नाही, ‘व्हॅल्यू टू लार्ज फॉर डिफाइंड डेटा टाइप’ म्हणून परत पाठवायचं. नाहीतर साडेचार जीबीची फाईल त्याला अर्ध्या जीबीची दिसली असती, आणि त्याने तेवढीच कॉपी करून ‘झालं’ म्हटलं असतं.

पोर्टिंगकर
तुम्ही दोघंही ऑफसेटवर भांडताय, पण युटिलिटी त्याहून मागे राहिल्या. फायली एकत्र बांधणाऱ्या टारच्या जुन्या हेडरमध्ये आकाराला अकरा ऑक्टल (आठच्या पायाचे) अंक, म्हणजे ८ जीबीला भिंत. झिपची भिंत ४ जीबीची. झिप६४ चं स्पेसिफिकेशन २००१ चं, आणि लिनक्सवर सगळे वापरतात त्या अनझिपमध्ये ते आलं २००९ च्या ६.० मध्ये. आठ वर्षं! डाउनलोड करणारं डब्ल्यूगेट १.१० पर्यंत, म्हणजे २००५ पर्यंत, मोठी डाउनलोड नीट पेलत नव्हतं. मॅक्रो दिला तरी आकार साध्या ३२ बिटांच्या ‘इंट’मध्ये ठेवणारी एक ओळ कोडमध्ये उरली की झालं. ती माणसालाच वाचून शोधावी लागते.

रात्रपाळी
ते मान्य. पण डिफॉल्ट ६४ असतं तर ती शोधाशोध १९९६ लाच सुरू झाली असती.

शिवाय ‘ज्याला मोठ्या फायली हव्यात त्याने मागावं’ हेच मुळात टिकत नाही. लिनक्स ३.७ पासून, म्हणजे २०१२ पासून, एक्सएफएस या फाईलसिस्टीममध्ये ६४ बिटांचे आयनोड क्रमांक (प्रत्येक फाईलचा आतला क्रमांक) डिफॉल्ट आहेत. मोठ्या डिस्कवर दहा बाइटच्या फाईललाही ३२ बिटांत न मावणारा क्रमांक मिळू शकतो, आणि मॅक्रोशिवाय बांधलेला प्रोग्रॅम तिचा आकार विचारायला गेला तर तीच ‘टू लार्ज’ची एरर. दहा बाइटच्या फाईलवर! लिनक्सच्या मूळ सी लायब्ररींपैकी मसलने सुरुवातीपासून ६४ च ठेवले, जीलिबसी ३२ बिटांच्या इंटेलवर आजही मागायला लावतं.

जुनी बायनरी
आयनोडचा मुद्दा खरा आहे, तो माझ्या लक्षात नव्हता. तरी ३२ बिटांची वेळ २०३८ मध्ये संपते, त्यासाठी डेबियन या लिनक्स वितरणाने काय केलं ते पाहा. जीलिबसीमध्ये ६४ बिटांची वेळ हवी तर ६४ बिटांचे ऑफसेट घ्यावेच लागतात. २०२४ मध्ये त्यांनी ३२ बिटांच्या एआरएम प्रोसेसरवर दोन्ही डिफॉल्ट केले आणि इंटेलच्या आय३८६ ला मुद्दाम वगळलं, कारण ते आता मुख्यतः जुन्या बायनरी चालवण्यासाठीच उरलंय.

रात्रपाळी
आय३८६ वगळलं ते बरोबरच. पण एआरएमवर त्यांनी शेकडो लायब्ररींच्या पॅकेजांची नावं बदलली, शेवटी ‘टी६४’ जोडलं, म्हणजे तुम्ही म्हणता तसं जुनं-नवं एकमेकांत मिसळणारच नाही. असं करता येतं तर. मग ते १९९६ मध्ये का नाही?

जुनी बायनरी
कारण डेबियनकडे त्या प्रत्येक पॅकेजचा सोर्स आहे. सोलारिसच्या सीडीवाल्याने कुणाचं नाव बदलायचं होतं?