पाहुण्यांचे पैसे क्रिप्टोत घ्यावेत का? स्वतः वापरणाऱ्यांनी सांगा

तारकर्लीची_वैनी

आमचं तारकर्लीला छोटं होमस्टे आहे. जेवण आणि हिशेब माझ्याकडे, बोट आणि स्नॉर्कलिंग यजमानांकडे. मुंबई-पुण्याचे पाहुणे निघताना क्यूआर स्कॅन करतात, साउंडबॉक्स रक्कम बोलतो, तेवढ्यात माझी कोकम सरबताची बाटली बांधून होते. पैसे घेण्यासाठी ह्यापलीकडे मला काही शिकावं लागलेलं नाही.

आता जानेवारीसाठी अर्जेंटिनाच्या एका जोडप्याने खोली मागितली आहे. २०० डॉलरचा अ‍ॅडव्हान्स ते ‘यूएसडीटी’मध्ये (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं) देऊ म्हणतात. भाचा म्हणतो, ‘मामी, क्रिप्टो ठेवायचं वॉलेट अ‍ॅप फोनमध्ये टाकून देतो, दोन मिनिटांचं काम.’ यजमान म्हणतात, ‘ह्यो व्याप कशाक होयो?’

मला गुंतवणूक करायची नाही. बिटकॉइन चढणार की पडणार तेही विचारत नाही. आलेले पैसे मासळी, किराणा, गॅस यांना वापरता यायला हवेत, एवढंच. चुकीच्या ठिकाणी गेले तर तक्रार कोणाकडे? बुकिंग रद्द झालं तर परत कसे पाठवायचे?

नेटवर्कवाला_पुणे

ताई, मी ह्याच क्षेत्रात काम करतो आणि हे तंत्रज्ञान मला मनापासून आवडतं. म्हणून नीट सांगतो.

पैसे घेणं खरंच दोन मिनिटांचं आहे. पण यूएसडीटी एकाच जागी नसतं. ते ट्रॉनवर असतं, इथेरियमवर असतं, आणखी कितीतरी नेटवर्कवर असतं. पत्ता म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षर-आकड्यांची लांब ओळ. ट्रॉनचा पत्ता ‘टी’ अक्षराने सुरू होतो, इथेरियमचा शून्य आणि एक्सने. पाहुण्याने कोणत्या नेटवर्कवरून पाठवायचं हे आधी ठरवून घ्यावं लागतं. इथेरियमसारखाच पत्ता इतर काही नेटवर्कही वापरतात, त्यामुळे पत्ता बरोबर आणि नेटवर्क चुकलेलं असंही होतं. मग पैसे सापडतात, पण ते काढायला जाणकार लागतो.

दुसरी अडचण नवख्याला हमखास येते. तुमच्याकडे ट्रॉनवर २०० यूएसडीटी आले, तरी पुढे पाठवताना शुल्क सहसा टीआरएक्स ह्या वेगळ्या नाण्यात भरावं लागतं. ते नसेल तर पैसे समोर दिसतात आणि हलत नाहीत.

परतफेडीबद्दल विचारलंत ते फार महत्त्वाचं आहे. ‘परत करा’ असं बटण नसतं, नवा व्यवहारच करावा लागतो. आणि जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता कॉपी करू नका. भामटे सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जुळणारा पत्ता बनवून त्यावरून तुम्हाला शून्य रकमेचा व्यवहार पाठवतात, म्हणजे यादीत त्यांचा पत्ता वर येतो. पाहुण्याकडून दर वेळी पत्ता नव्याने मागवायचा आणि मधली अक्षरंही ताडून पाहायची. वॉलेटचे १२ किंवा २४ शब्द म्हणजे त्याची किल्लीच, ते कागदावर लिहायचे, फोटो काढायचा नाही, भाच्यालाही द्यायचे नाहीत. चुकलंच तर तक्रार घ्यायला कोणी नाही.

मला हे रोज जमतं. पण ज्याला हे सगळं लक्षात ठेवून वर चुलीवरचं कालवणही बघायचं आहे, त्याच्यासाठी ते तयार आहे असं मी म्हणणार नाही.

माद्रिदकर

माझे काही सहकारी अर्जेंटिनाचे आहेत, त्यामुळे त्या जोडप्याची बाजू सांगतो. २०२३ मध्ये तिथली महागाई वर्षाला २०० टक्क्यांच्या वर गेली होती. २०१९ च्या अखेरीपासून एप्रिल २०२५ पर्यंत सामान्य माणसाला सरकारी दराने महिन्याला २०० डॉलरपेक्षा जास्त घेता येत नव्हते. तिथे यूएसडीटी म्हणजे बचत वाचवायचा मार्ग होता, हौस नव्हती. त्यांचा हेतू वाईट आहे असं समजू नका.

उलट उदाहरण एल साल्वाडोरचं. ७ सप्टेंबर २०२१ ला त्यांनी बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं, सरकारी ‘चिवो’ वॉलेट घेणाऱ्याला ३० डॉलर दिले. बहुतेकांनी ते खर्च केले आणि वॉलेट सोडून दिलं, कारण २००१ पासून तिथे डॉलरच चालतो. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून दुकानदारांवरची बिटकॉइन घेण्याची सक्ती काढली. गरज असली की लोक अवघड गोष्टही शिकतात. तुमच्याकडे साउंडबॉक्स आहे.

रत्नागिरीचा_सीए

वैनी, मासळीवाली यूएसडीटी घेणार नाही, म्हणजे तुम्हाला ते विकून रुपये करावे लागणार. खरी जोखीम तिथे आहे.

आलेल्या दिवशीची रुपयातली किंमत हे तुमचं धंद्याचं उत्पन्न. नंतर विकताना वर जो नफा होईल त्यावर ३० टक्के कर आणि सेस, हा नियम १ एप्रिल २०२२ पासून आहे. तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातून वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे, तो रिटर्न भरल्यावर वळता होतो. एवढ्या रकमेत हे सगळं निभावेल.

पण भाचा जर म्हणाला की एक्स्चेंजची (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीची) कटकट नको, थेट कुणाला तरी विकू, तर स्पष्ट नाही म्हणा. घेणाऱ्याने तुमच्या खात्यात टाकलेले रुपये सायबर फसवणुकीतले निघाले, तर पोलिसांच्या पत्रावरून बँक तुमचं खातं गोठवते. तुमचा दोष नसला तरी. माझ्याकडे अशी माणसं आली आहेत, दूरच्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करून थकलेली. ऐन सीझनमध्ये क्यूआरचं खातं बंद पडलं तर काय होईल ते तुम्हीच जाणता.

शिवाय परदेशी पाहुण्याचं परकीय चलन बँकेच्या अधिकृत मार्गाने यावं, अशी फेमाची, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याची, अपेक्षा आहे. ते यूएसडीटीने पुरी होत नाही.

अ‍ॅडव्हान्ससाठी परदेशी कार्ड चालणारी पेमेंट लिंक मागून घ्या. कमिशन जाईल, पण रद्द झालं तर त्याच कार्डावर पैसे परत करता येतात. उरलेली रक्कम ते इथे आल्यावर देतील. परदेशी पर्यटकांना पासपोर्ट-व्हिसावर ‘यूपीआय वन वर्ल्ड’ वॉलेट मिळतं, त्यातून तुमचाच क्यूआर चालतो.

तारकर्लीची_वैनी

सगळ्यांचे मनापासून आभार. खातं गोठवण्याचं मला कोणीच सांगितलं नव्हतं, भाच्यालाही ठाऊक नव्हतं. त्याला ही चर्चा वाचायला दिली आहे.

त्या जोडप्याला आज लिहिलं की अ‍ॅडव्हान्स कार्डाने द्या, आणि कमिशनचा भार आम्ही सोसू. त्यांची तिकडची अडचण कळल्यावर तो त्यांच्यावर टाकणं बरं वाटेना. सीए साहेब, कमिशन कापून रक्कम जमा होईल तेव्हा पावती पूर्ण २०० डॉलरची द्यायची ना?

रत्नागिरीचा_सीए

हो, पूर्ण रकमेची. कमिशन खर्चात दाखवा.