तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाशिवाय काय बघावं?

लातूरकर: पुढच्या रविवारी घरच्यांसोबत तुळजापूरला निघालोय. सासूबाईंचा हट्ट आहे की थोडी वाकडी वाट करून तेरला गोरोबाकाकांच्या समाधीला जायचंच. मुलगा दहावीत, देवळांना कंटाळलेला. दर्शन सोडून तिथं काही आहे का, की अर्ध्या तासात निघावं?

तेरणाकाठचा: अर्ध्या तासात दर्शन होईल दादा, तेर नाही व्हायचं. हे आमचं गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर लागतं आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जातं. पुढं शिलाहार राजे कोकणात नि कोल्हापुरात राज्य करत होते, तरी स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे. आज बाजारात उभं राहून हे कुणाला खरं वाटणार नाही, ती गोष्ट वेगळी.

पोराला आधी लामतुरे संग्रहालयात न्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या वस्तू हौसेनं जमवल्या, त्यातून ते उभं राहिलं. सातवाहन काळातली मातीची खेळणी, मणी, नाणी आहेत. इथं हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली, तशाच घडणीची एक इटलीत पाँपेई शहरात ज्वालामुखीच्या राखेखाली मिळाली. पाँपेई गाडलं गेलं इ. स. ७९ मध्ये. एवढं सांगितलंत तर मोबाइल खिशात जाईल.

मग त्रिविक्रम मंदिर. समोरून साधं दिसतं, म्हणून लोक हात जोडून परततात. तुम्ही मागं जा. मागची भिंत गोल आणि छत हत्तीच्या पाठीसारखं. सगळं विटांचं. मुळात हे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा असावी, असं अभ्यासक मानतात. आत मात्र पाय उचललेला विष्णू. माझ्या मते अख्ख्या गावात बघावी अशी हीच एक जागा, बाकी वेळ उरला तर. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच, त्याची कोरीव लाकडी चौकट संग्रहालयात ठेवलीय.

वीटभट्टीवाला: तेरच्या विटा पाण्यावर तरंगतात म्हणे. खरं का?

तेरणाकाठचा: खरं. मातीत तूस मिसळून भाजायचे. तूस जळून जातं, आत बारीक पोकळ्या राहतात, वीट हलकी होते. पण म्हणून देवळाची वीट उपसून बादलीत टाकून बघू नका, असेही महाभाग येतात.

लातूरकर: मग आधी दर्शन की आधी संग्रहालय?

तेरणाकाठचा: सासूबाई सोबत आहेत ना? मग आधी दर्शन. गोरोबाकाकांनी मडकी ठोकायचं थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली नि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती गोष्ट त्यांनाच नातवाला सांगू द्या. संग्रहालय उघडं आहे का, तेवढं निघण्याआधी विचारून घ्या.